ओलीचं उट्टं

१६ जून, रोहा

ही डायरी माझ्या नवऱ्याच्या, हसनच्या कंपनीची. दरवर्षी कुवेतहून एक येते आणि कपाटात पडून राहते. आज उघडली ती रागानं. कुणापुढे तरी ओकल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाही. पोरीशी बोलावं तर ती म्हणते, "अम्मी, पुरे आता."

आज तमीमची आई माझ्या सुमय्याला बघायला आली होती. पोरगा कतारला चांगल्या नोकरीत, घर महाडकडचं, माणसं तोलामोलाची. मध्ये बोलणारी म्हणून माझी नणंद शाझिया पेणहून आली होती. मी पहाटेपासून राबले. सांदणं केली, कोंबडी केली, सोफ्यावर नवे अभ्रे घातले. सगळं छान चाललेलं. तमीमची आई सुमय्याच्या हाताला मेंदी कधी लागेल ते विचारायच्या बेतात होती. तेवढ्यात आमच्या शाझियाबाईंनी नाक वर करून हुंगलं आणि म्हणाल्या, "भाभी, या घराला ओलीचा वास सुटलाय गो. पोरीची छाती काय उगाच धरते?"

छाती! पाहुण्यांसमोर! तमीमच्या आईचा हातातला सांदणाचा तुकडा हातातच राहिला. मग तिनं भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, सुमय्याकडे पाहिलं. सुमय्या तेव्हाच खोकली.

शाझिया याच जागेवरच्या जुन्या घरात जन्मली, इथलं खाऊन वाढली. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई. मी दात ओठ खात चहा ओतला. हे मी विसरणार नाही. लिहून ठेवते, विसरणार नाही.

२० जून

बातमी आली. तमीमचं ठरलं. कुणाशी? शाझियाच्या निलोफरशी!

म्हणजे सगळं आधीपासून शिजत होतं. माझ्या पोरीला ओलं लाकूड ठरवायचं आणि स्वतःची पुढं करायची. मी फोन भिंतीवर आपटणार होते, पण फोन सुमय्याचा होता. हसनला फोनवर सांगितलं तर तो म्हणतो, "जाऊ दे, नशिबात नव्हतं." बावीस वर्षं गल्फमध्ये राहून या माणसाचं रक्त एसीत गोठलंय.

बिचारी सुमय्या. दुःख लपवते माझ्यापासून. जेवताना हसत काय होती, दुसऱ्यांदा भात काय घेतला. मी म्हटलं, "रड गो थोडी, मन मोकळं होईल." ती म्हणाली, "कशाला रडू? आमटी मस्त झालीय." आतल्या आत जळणारी पोर आहे माझी.

२५ जून

सुमय्याला काल दम लागला. जिना चढून आली आणि पायरीवरच बसली. ओठ निळसर. मी तिला तशीच डॉक्टरांकडे नेली. डॉक्टरांनी वाफ दिली, पंप दिला, आणि विचारलं, "घरात बुरशी आहे का?" मी खोटं बोलले, नाही म्हटलं. सुमय्यानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे. भरपूर." डॉक्टर म्हणाले, औषधानं तेवढ्यापुरतं बरं वाटेल, पण घर कोरडं करा. नाहीतर ही पोर दर पावसाळ्यात अशीच बसेल, आणि एखाद्या वेळी बसायलाही उशीर होईल.

घर कोरडं करा म्हणे. हे घर हसननं कुवेतच्या शेठचा बंगला बघून बांधलं. सरकत्या काचा, कुठे झरोका नाही, वर पीओपीचं छत, खाली चकचकीत फरशी. तिकडे वाळवंट आहे, इकडे कुंडलिका नदी आहे, हा फरक त्याच्या नकाशात नव्हता. जुन्या घरात कौलांतून वारा फिरायचा. आता काच उघडली तर पावसाची झड सोफ्यावर, मिटली तर आत वाफ. कपाटाच्या मागची भिंत हिरवी. चपलांवर लव. माझ्या लग्नाच्या शराऱ्यावर पांढरे ठिपके.

सगळ्यात संताप याचा येतो की शाझिया खरं बोलली होती. खरं बोलायची ती वेळ होती का?

२९ जून

तीन दिवसांपासून लढाई सुरू आहे. सासूबाईंच्या वेळचा उपाय म्हणून खड्याच्या मिठाच्या वाट्या प्रत्येक खोलीत ठेवल्या. धरमतरकडचं जाडं मीठ, पोतंभर आणवलं. दोन दिवसांत वाट्यांत पाणी. सुमय्याचा पाय लागून एक सांडली आणि फरशी चिकचिकीत झाली ती वेगळीच. ओल शोषणाऱ्या पुड्या आणल्या, कपाटात टांगायच्या. त्या पाणी पिऊन फुगल्या नि एक फुटली. नेमकी हसनच्या कोटावर.

७ जुलै

ऑनलाइन एक छोटं मशीन मागवलं. जाहिरातीत लिहिलेलं, "संपूर्ण घर कोरडे." आलं तर डब्याएवढं. दिवसभर घुर्रर्र करत बसतं आणि संध्याकाळी चमचाभर पाणी दाखवतं. मांजर याच्यापेक्षा जास्त पिते. सुमय्या म्हणाली, "अम्मी, हे कपाटातल्या कपाटात ठीक. खोलीला कंप्रेसरवालं डिह्युमिडिफायर लागतं. मी वाचलंय." फार्मसी शिकलेली आहे, वाचत असते. मी म्हटलं, "तुझं नाव घेऊन ज्या बाईनं नाक मुरडलं ना, तिला याच घरात जेवायला बोलवीन. हुंगू दे किती हुंगायचं ते. अत्तराशिवाय काही सापडलं तर माझं नाव साबिरा नाही."

ती म्हणाली, "मशीन मला श्वास घ्यायला पाहिजे का शाझिया फुफीला हुंगायला?"

दोन्हीला, म्हटलं. त्यात काय?

१२ जुलै

आज गाडीनं पेणला गेलो. पुंडलिकशेठचं इलेक्ट्रिकचं दुकान. आधी त्यानं मला एसी गळ्यात मारायचा प्रयत्न केला. "ताई, ड्राय मोड असतो त्यात." सुमय्यानं त्याला गप्प केला. म्हणाली, पावसात गारठा असतो तेव्हा एसी लावून कुडकुडायचं का? मग त्यानं आतून दोन मशिनं काढली.

एक हलकं, आवाज कमी, दिसायला देखणं. मी त्यावरच हात ठेवला. सुमय्यानं उलटून मागची पट्टी वाचली. म्हणाली, हे थंड मुलखातलं, आत सिलिका जेल असतं, खोली तापवतं, वीज खातं. आपल्या दमट गरमीत कंप्रेसरवालंच जास्त पाणी ओढतं. दुसरं मशीन जाडजूड, खाली चाकं, मागे नळी लावायची सोय. पुंडलिकशेठ बोलू लागला, "टाकी भरली की आपोआप बंद. नळी मोरीत सोडलीत तर टाकी ओतायची कटकट नाय. फक्त एक, चालू असताना दारंखिडक्या बंद हव्यात. नायतर तुम्ही अख्ख्या खाडीची हवा सुकवत बसाल."

सुमय्यानं विचारलं, खोलीच्या मापाला किती लिटरचं, आकडा कितीवर ठेवायचा, जाळी कधी धुवायची. तो म्हणाला, भिंतीतून पाणी झिरपत असेल तर आधी भिंत करा, मशीन पाझर थांबवत नाय. भिंत आमची ठीक आहे, हवा कोंडलेली आहे.

मी एकच विचारलं. "वास जाईल का? समजा एखाद्या बाईचं नाक कुत्र्यासारखं तेज असेल, तरी?"

पुंडलिकशेठ सुमय्याकडे बघायला लागला. सुमय्या छताकडे.

जाडजूडच ठरवलं. पनवेलहून येईल.

तिथून सुमय्या म्हणाली, "फुफीकडे जाऊन येऊ या." मी म्हटलं, माझे पाय त्या उंबऱ्याला लागणार नाहीत. ती एकटी गेली. मी एसटी स्टँडवर बसून राहिले, वडखळच्या गाड्या बघत. किती वेळ लावला पोरीनं! आली ती गाल लाल, हसरी, खोकला नाही. निलोफरचे कपडे बघत होते म्हणे. ज्यांनी हिचा रिश्ता पळवला त्यांचे कपडे! माझी पोर फार भोळी आहे, कुणीही गुंडाळावं.

१३ जुलै

शाझियाचा फोन आला. उचलला नाही. परत आला. तो पण नाही. वाजू दे.

२१ जुलै

मशीन आलं! सामान वाहणाऱ्या रघूनं हातगाडीवरून आणलं आणि जिन्यावरून चढवताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण लावलं. पडद्यावर हवेतल्या ओलीचा आकडा आला, अठ्ठ्याऐंशी. दारंखिडक्या बंद करून आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो. संध्याकाळी साठ! टाकी उपसली तर बादलीभर पाणी. हे एवढं पाणी माझ्या घराच्या हवेत लटकत होतं आणि माझी पोर ते ओढत होती. मी मशीनच्या डोक्यावर हात ठेवला, अल्लाहची शपथ, मला रडू आलं.

सुमय्या सबंध दिवसात दोनदाच खोकली.

२ ऑगस्ट

आता घर असं झालंय की पापड उघडे ठेवले तरी मऊ पडत नाहीत. कपाटं रिकामी करून एकेक खोली सुकवत निघाले. आज माळा. तिथे सापडली ती गादी.

माझ्या लग्नातली सावरीच्या कापसाची गादी, कुठल्यातरी पावसाळ्यात गुंडाळून वर टाकलेली. वरून बरी दिसली. उलटवली तर खालची बाजू काळी, हिरवी, कुठे केसाळ. वास असा की मी नाकाला पदर लावून खाली उतरले. सुमय्या खोलीच्या दारात आली आणि शिंकायलाच लागली. तिला बाहेर पिटाळलं. टाकून द्यायला रघूला हाक मारणार, तोंड उघडलं सुद्धा, आणि मग मिटलं.

आमच्या घरची रीत आहे. भाचीच्या लग्नात गादी-उशी मामाच्या घरून जाते. हसन मामा. मामी मी. निलोफरची गादी मलाच द्यायची आहे.

तुला ओलीचा वास येतो ना शाझिया? घे. पोटभर घे.

९ ऑगस्ट

मखमलीचा अभ्रा शिवून घेतला, डाळिंबी रंगाचा, कडेला जरीची दोरी. गादी दोन दिवस मशीनपुढे ठेवली म्हणजे लग्नापुरता वास दबेल. आत मुरलेलं आहे, ते पहिल्या पावसाळी आठवड्यात वर येईल. वर गुलाबाचं अत्तर शिंपडलं. सुमय्यानं दारातूनच विचारलं, "नवी घेतलीस?" मी म्हटलं, "मग काय जुनी देणार?" जीभ जराही अडखळली नाही.

थोडं वाटलं. नाही असं नाही. निलोफर लहानपणी माझ्याच मांडीवर खेळलेली. पण दोन शिंका आल्यानं कुणी मरत नाही. माझ्या पोरीनं वर्षानुवर्षं काढल्या तेव्हा कुणाला वाटलं?

१७ ऑगस्ट

लग्न झालं. पेणमध्ये गणपतीच्या गर्दीनं रस्ते तुंबलेले, कारखान्यांतून मूर्ती भरलेले टेम्पो निघालेले, त्यातून आमची गादी टेम्पोत ताठ बसून गेली.

आहेर मांडला तेव्हा बायका वाहवा करायला लागल्या. मखमल बघून तमीमच्या आईचे डोळे विस्फारले. तेवढ्यानंच माझं अर्धं उट्टं निघालं. शाझिया आली, तिनं गादीवर हात ठेवला. कडेकडेनं हात फिरवला. अभ्र्याची एक गाठ सैल होती, तिथून बोटं आत घातली. मग खाली वाकली. मला वाटलं आता हुंगते. पण नाही. तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत.

"सावरीची हाय ना, भाभी?"

"व्हय. तुझ्या पोरीला साधी कशी देईन?"

"बरं केलंस," म्हणाली आणि आत निघून गेली. डोळे भरलेले. लेक जाणार म्हणून असतील. मी दोन वेळा बिर्याणी घेतली.

२६ ऑगस्ट

निलोफर नवऱ्याबरोबर कतारला उडाली. विमानात गादी कोण नेतं? गादी शाझियाच्याच घरी राहिली. हे तर उत्तमच झालं! आता वास तिच्याच नाकात. रोज फोनकडे बघते. कधी किंचाळते ते ऐकायचंय मला. पाऊस धो धो आहे, म्हणजे वर आलाच असेल.

फोन नाही.

३ सप्टेंबर

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

जेवताना सुमय्या म्हणाली, तिला पेणच्या एका दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर नोकरी लागली. परवापासून. मी म्हटलं रोज गाडीनं जाशील? ती म्हणाली, शिफ्ट आहे, फुफीकडे राहीन.

मी ताट सरकवलं. काय काय बोलले ते लिहीत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "अम्मी, तमीमला नाही म्हणायला मीच सांगितलं होतं फुफीला."

मला कतारला जाऊन घरात कोंडून घ्यायचं नव्हतं, म्हणाली. मला काम करायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस? तू मेंदीचा मुहूर्त काढून बसली होतीस. फुफी म्हणाली, मी काहीतरी बोलून मोडते, शिव्या मला पडू दे. निलोफरला तमीम आधीपासून आवडत होता, ते सुद्धा तुमच्या कुणाच्या लक्षात नव्हतं.

मी विचारलं, "आणि छातीचं?" ती म्हणाली, "ते तर खरंच होतं ना. त्याशिवाय तू मशीन आणलं असतंस?"

मी ताटं गोळा करायला लागले. मग ती उठता उठता म्हणाली, खूष होऊन, "निलोफरची खोली देणार आहे मला. तू दिलेली गादी घातलीय म्हणाली फुफी. मखमलीची."

४ सप्टेंबर

सांगू कसं? काय सांगू? की ज्या गादीवर तू झोपणार तिच्यात मी मुद्दाम बुरशी लपवून पाठवली? दिवसभर तिच्या मागे मागे फिरले. तोंड उघडायचं आणि "पंप घेतलास का" एवढंच बाहेर पडायचं. "घेतला, अम्मी." तिनं पिशवी भरली. तिचे ओठ निळे झालेले मला दिसत होते, ती समोर हसत उभी असताना.

५ सप्टेंबर

सकाळच्या गाडीनं सुमय्या गेली, थेट कामावर, पिशवी घेऊन. फुफीकडे ती संध्याकाळी पोहोचणार. तेवढाच वेळ होता माझ्या हातात.

मी रघूला बोलावलं. मशीनची टाकी ओतली, नळी काढली, टेम्पोत चढवलं. रघू म्हणाला, "काकी, आताच तर चढवलं होतं ना?" मी म्हटलं, चल गप्प. नागोठण्यापासून वडखळपर्यंत खड्डेच खड्डे, मी मशीन दोन्ही हातांनी धरून मागे बसले होते. मनात एकच, मशीन खोलीत लावायचं, गादी काहीतरी कारण काढून उचलायची, आणि शाझियाला कळू द्यायचं नाही. तिच्यापुढे मान खाली घालणार नाही. एवढं अजून माझ्यात शिल्लक होतं, खोटं कशाला लिहू.

शाझियानं दार उघडलं. मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सुमय्यासाठी. तिच्या खोलीत लावायचं."

"ये ना आत."

निलोफरची खोली. पलंगावर डाळिंबी मखमल, जरीची दोरी. मी पुढे होऊन दोन्ही हात गादीवर दाबले. दबलीच नाही. घट्ट, नवी, काथ्याची. अभ्रा धुऊन इस्त्री केलेला. वास साबणाचा.

"ती नाय ती," शाझिया मागून म्हणाली. "ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच मागल्या दारी नेऊन उसवली. निलोफरला पण तिच्यावर झोपू दिलं नाय."

म्हणजे हिला पहिल्याच दिवशी कळलं होतं! मांडवात, सगळ्या बायकांसमोर, बोटं आत घातली तेव्हाच. एक शब्द बोलली असती तर तमीमच्या आईसमोर माझं नाक कापलं गेलं असतं. मी तिच्या जागी असते तर बोलले असते. वाजवून वाजवून बोलले असते.

"वासानं ओळखलीस?" मी विचारलं.

"टाक्यांवरून. कडेचे टाके अम्माचे हायत, उलटे घालायची ती. आपल्याच सावरीच्या झाडाचा कापूस होता. तुझ्या लग्नाला शिवत होती तेव्हा मी सुईत दोरा ओवून द्यायचे. वय झालेलं, तिला दिसायचं नाय."

मला आठवत नव्हतं. अल्लाहची शपथ, आठवत नव्हतं. सासूबाई जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांच्या हातची एक वस्तू शाझियाकडे नाही, सगळं जुन्या घरात राहिलं आणि हसननं ते घर पाडलं. मला वाटलेलं, मी तिला वास पाठवला.

"कापूस?" मी कसंबसं विचारलं.

"कुजला होता सगळा. बोटांत पीठ व्हायचं. परसात पुरला." ती खिडकीशी गेली, उगाच पडदा सरळ केला. "सुमय्याला सांगितलं नाय. हसनभाईला पण नाय. तू पण सांगू नको."

मी पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर रघू मशीन उतरवताना कुणाला तरी ओरडत होता. जूनपासून मी हिचं तोंड वाकडं झालेलं बघायला टपले होते, आणि आता ते माझ्यासमोर होतं तर माझ्याच्यानं बघवेना.

"शिवी तरी दे गो मला," मी म्हटलं. "एक तरी दे."

शाझियानं पदरानं डोळे पुसले.

"चहा ठेवते," ती म्हणाली. "पोर येईल इतक्यात."